सुरतेहून सोपाऱ्याला: मागच्या सीटवर बाबा

मंडळी, जगात दोन सुरती आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरी सुरत थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिचं पूर्ण नाव सुरत थानी. १९१५ साली तिथले राजे वजिरावुध, म्हणजे सहावे राम, यांनी आपल्या गुजरातच्या सुरतेवरून त्या गावाला हे नाव दिलं. मग गावातून वाहणाऱ्या नदीलाही आपल्याच नदीचं नाव मिळालं, तापी. थाई भाषेत गावाच्या नावाचा अर्थ ‘सज्जनांचं नगर’ असा लावतात. आपल्या सुरतेत रिक्षातून उतरताना सुट्टे पैसे मागून बघा, मग या अर्थावर चर्चा करू!

तर आमचा चार मित्रांचा बेत ठरला होता. सुरतेहून सुरत थानीला जायचं, तिथे मोटरसायकली भाड्याने घ्यायच्या आणि गर्दीची बेटं सोडून शांत किनाऱ्याने फिरायचं. जवळच चैया नावाचं जुनं गाव आहे. तिथला श्रीविजय काळातला स्तूप बघायचा, बुद्धदास भिक्खूंनी १९३२ साली सुरू केलेला सुआन मोक्ख हा वनातला आश्रम बघायचा. मी तर नकाशावर खुणाही करून ठेवल्या होत्या. मग एकाचं लग्न ठरलं, दुसऱ्याला रजा मिळेना, तिसऱ्याने ‘बजेट नथी यार’ म्हणून हात वर केले. बेत बारगळला आणि मी आठवडाभर घरात तोंड पाडून फिरत होतो.

शेवटी आई वैतागली. म्हणाली, “समुद्र काय फक्त त्यांच्याकडेच आहे? आणि बुद्ध आपल्याकडूनच तिकडे गेला ना? मग इथेच बघ की.” दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आलं, “आणि जाणारच असशील तर बाबांना घेऊन जा.”

बाबा आणि पंखा

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते मूळचे शिरपूर तालुक्यातले. आपल्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही घर तापीच्या पाण्याबरोबर खाली आलं. नदी खानदेशातून सुरतेला येते, आम्हीही आलो. बाबांनी डाइंगच्या कामात सगळं आयुष्य काढलं, मास्तर म्हणून निवृत्त झाले. कापडाचा रंग नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस. निवृत्तीनंतर मात्र सकाळी उठून तयार होऊन बसायचे आणि पंख्याकडे बघायचे. बोलणं जवळजवळ बंद. विचारलं की “बरं आहे” एवढंच.

खरं सांगायचं तर आईचं म्हणणं मला आवडलं नव्हतं. कुठे थायलंडचा किनारा मित्रांसोबत, आणि कुठे बाबांना मागे बसवून पालघर! पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. बाबांनीही आढेवेढे घेतले नाहीत. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी शांतपणे गाडीच्या चाकांतली हवा तपासली आणि चेनला तेल दिलं.

नकाशा बघता बघता मला एक गोष्ट सापडली होती. सुरतेपासून मुंबईच्या दिशेने समुद्राच्या कडेकडेने गेलं तर नालासोपाऱ्याला एक जुना बौद्ध स्तूप आहे, आणि त्याच्या पुढे गोराईला ब्रह्मदेशी घडणीचा एक भव्य पॅगोडा. मध्ये उभा दोन-अडीचशे किलोमीटरचा किनारा, त्यातला बराचसा निवांत. ठरलं. चार दिवस, तीन मुक्काम.

तापी सोडताना

जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही निघालो. गाडी माझी, चालवणार मी. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर मी पुढे उभा राहायचो आणि ते मागून हँडल धरायचे. आता ते मागे बसले होते आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. माझ्या खांद्यावर ठेवायचे, काढून घ्यायचे. शेवटी त्यांनी मागची सळी घट्ट धरली.

पहिला थांबा दांडी. नवसारीवरून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि वाऱ्याला खारट वास येतो. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी इथे मीठ उचललं. आता तिथे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे. मी फोटो काढून पंधरा मिनिटांत तयार. बाबा मात्र बाहेरच्या चहावाल्याशी बोलत उभे होते, चुलीत कोणतं लाकूड घालतोस इथपासून मुलगा कितवीत आहे इथपर्यंत. मी दोनदा हॉर्न वाजवला.

पुढे वलसाडच्या आसपास रस्त्याकडेला उंबाडियुंचे मडके लावलेले दिसले. हिवाळ्यात या पट्ट्यात आलात तर ते चुकवू नका. मडक्यात पापडी, रताळी, सुरण, बटाटे भरतात, रानातल्या पाल्याने तोंड बंद करतात आणि मडकं उलटं ठेवून वरून विस्तव पेटवतात. तेलाचा थेंब नाही. बाबांनी तिथल्या मावशींकडून त्या पाल्याचं नाव आणि पूर्ण कृती विचारून घेतली. माझ्या हिशोबाने इथे अर्धा तास गेला.

मग उदवाडा. पारशी समाजाचा ‘इराणशाह’ हा पवित्र अग्नी १७४२ पासून या छोट्याशा गावात तेवत आहे. आत फक्त पारशांनाच प्रवेश असतो, आपण बाहेरून नमस्कार करायचा आणि जुन्या लाकडी ओट्यांच्या गल्ल्यांतून एक फेरी मारायची. त्यापुढे दमण. डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज होते, आणि दमणगंगेच्या दोन्ही काठांवर त्यांचे किल्ले अजून उभे आहेत. एक लक्षात ठेवा. या किनाऱ्यावर दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते आणि समुद्राकडेने सरळ जाता येत नाही. रस्ता आत वळतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा समुद्राकडे येतो. घाई असलेल्याने इथे येऊच नये.

मला घाई होती.

झाईची सीमा

उंबरगाव सोडलं की झाई नावाचं गाव येतं आणि गुजरात संपतो. सीमा कळते ती पाट्यांवरून. गुजराती अक्षरं संपून देवनागरी सुरू होते, तीही हळूच, एका किराणा दुकानाच्या पाटीपासून. समुद्र तोच, माड तेच, जाळी विणणारी माणसंही तीच.

बोर्डीला मुक्काम केला. घोलवड-डहाणूचा हा पट्टा चिकूचा. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. संध्याकाळी भरती ओसरली की बोर्डीचा किनारा इतका लांब आत जातो की पाणी दिसेनासं होतं. सुरूच्या झाडांखाली आम्ही बसलो होतो. एका चिकूवाल्या आजोबांनी आमच्या गाडीची नंबरप्लेट बघितली, जीजे ०५, आणि विचारलं, “सुरतेचे का? गुजराती?”

मी म्हणालो, “नाही, मराठी.”

“मग गुजरातेत काय करता?”

हा प्रश्न आपल्या पिढीला नवा नाही. सुरतेत कॉलेजमध्ये ‘तमे तो महाराष्ट्रना ने’ ऐकायचं आणि महाराष्ट्रात आलं की गुजराती ठरायचं. मी नेहमीसारखा चिडणार होतो. बाबांनी मात्र आजोबांना शेजारी बसायला जागा केली आणि म्हणाले, “भाऊ, पाणी उतरतं तिकडे माणूस जातो. तापी सुरतेला जाते, आम्हीही गेलो. तुमच्या वाडीत किती झाडं?” पुढचा पाऊण तास दोघं चिकूवर बोलत होते. मी मोबाइलमध्ये दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक करत होतो.

वेळापत्रक मोडलं

दुसऱ्या दिवशी डहाणूची खाडी ओलांडून वाढवण, वरोर, चिंचणी असा किनाऱ्याचा रस्ता धरला. या प्रवासातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. एका बाजूला खडकाळ समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या, रस्त्यावर वाळत घातलेली मासळी आणि वाहतूक अगदी तुरळक. हा निवांतपणा मात्र किती दिवसांचा, सांगता येत नाही. वाढवणला देशातलं एक प्रचंड मोठं बंदर होणार आहे. अंदाजे खर्च ७६ हजार कोटी रुपयांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. कोणाला त्यात रोजगार दिसतो, कोणाला आपली मासेमारी बुडताना दिसते. भिंतींवर बंदराविरोधातल्या घोषणाही दिसतात. हा किनारा असा बघायचा असेल तर फार वाट बघू नका, एवढंच मी म्हणेन.

बाबा इथेही थांबत होते. जाळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांजवळ बसून त्यांनी जाळ्याच्या दोऱ्याला रंग कसा देतात ते विचारलं. रंगाचा विषय निघाला म्हटल्यावर गाडी थांबेचना. पूर्वी साली उकळून त्यात जाळी बुडवायचे, आता नायलॉन तयारच रंगीत येतं. काका सांगत होते, बाबा मान डोलवत होते. ऊन चढत होतं. तारापूरला जेवण, दोन वाजता पालघर, चार वाजता केळवे, असं माझं सगळं ठरलेलं होतं. मी घड्याळ बघितलं आणि तोंडून निघून गेलं,

“बाबा, आपण फिरायला आलोय, गप्पा मारायला नाही.”

बाबा लगेच उठले. काकांना हात जोडले, हेल्मेट घातलं आणि गाडीवर बसले. तारापूर गेलं, बोईसर गेलं, पालघर गेलं, माहीम गेलं. मागून एक शब्द आला नाही. आम्ही केळव्याला चार वाजता पोचलो, अगदी वेळापत्रकाप्रमाणे.

रात्री जेवणानंतर बाबा म्हणाले, “उद्या मी केळवे रोडहून गाडी पकडून सुरतेला जातो. तू आरामात फिर. माझं ओझं कशाला?”

ते चिडून बोलत नव्हते, म्हणून जास्त लागलं.

आंधळा नावाडी

काय बोलावं ते मला सुचेना. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. थोड्या वेळाने बाबांनीच विचारलं, “पण तुझ्या त्या सोपाऱ्यात आहे तरी काय?”

मी फोनवर साठवून ठेवलेलं टिपण काढलं आणि वाचायला लागलो. तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

आजचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीत ‘सुप्पारक’. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक. दुसरं मोठं बंदर आपल्या शेजारचं भरूच, म्हणजे भरुकच्छ. आर्यशूराच्या ‘जातकमाला’ या संस्कृत ग्रंथात या दोन्ही गावांना जोडणारी एक कथा आहे. सुपारग नावाचा एक निष्णात नावाडी होता. वारा, माशांचे थवे, पाण्याचा रंग, आकाशातले तारे, सगळं त्याला वाचता यायचं. पुढे तो म्हातारा झाला, नजर अधू झाली, शरीर थकलं. भरुकच्छहून काही व्यापारी सुवर्णभूमीच्या व्यापाराला निघाले होते. ते वाटेत त्याच्या गावी थांबले आणि त्याला म्हणाले, आमच्याबरोबर जहाजावर चला. तो म्हणाला, मला नीट दिसत नाही, शरीरात बळ उरलं नाही, माझा तुम्हाला काय उपयोग? व्यापारी म्हणाले, तुमची अवस्था आम्हाला माहीत आहे, काम करायला म्हणून नव्हे, तुम्ही सोबत असावं म्हणून बोलावतोय.

“मग तो गेला का?” बाबांनी विचारलं.

“गेला. पुढे वादळ झालं, जहाज भरकटलं, एकाहून एक भयंकर समुद्रांत शिरलं. व्यापाऱ्यांनी पाण्याचं वर्णन करायचं आणि याने ते ऐकून कोणता समुद्र ते सांगायचं. शेवटी त्याच्याच सत्याच्या बळावर जहाज मागे फिरलं आणि सगळे सुखरूप भरुकच्छला परतले.”

पालीतल्या जातकात हीच कथा थोडी वेगळी आहे. तिथे तो भरुकच्छचाच आहे आणि खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली आहे. पण तेवढं वाचायची गरज पडली नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग दिवा मालवता मालवता म्हणाले, “पाण्याच्या रंगावरून ओळखायचा म्हणजे मास्तरच होता की! उद्या किती वाजता निघायचं?”

एक गोष्ट सांगायची राहिली. ही सुवर्णभूमी म्हणजे आग्नेय आशियातला सोन्याचा देश. तो नेमका कोणता यावर ब्रह्मदेशही हक्क सांगतो आणि थायलंडही. बँकॉकच्या विमानतळाचं नाव ‘सुवर्णभूमी’ हेच आहे. ज्या प्रवासाचा माझा बेत फसला, त्या प्रवासाला माणसं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भरूचहून निघायची आणि वाटेत सोपाऱ्याला थांबायची. मी चुकीच्या रस्त्याला लागलोच नव्हतो.

बुरूड राजाचा कोट

केळव्याहून विरारकडे जाताना वैतरणेची मोठी खाडी आडवी येते. पूर्वी त्यासाठी महामार्गापर्यंत मोठा वळसा घ्यावा लागायचा. २०२५ मध्ये जलसार ते विरारजवळचा मारंबळपाडा अशी रो-रो बोट सुरू झाली. गाडी बोटीवर चढवायची, कठड्याला टेकून उभं राहायचं, पाव तासात पलीकडे. बाबा आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलसह बोटीत बसले. वेळापत्रक मी आदल्या रात्रीच खोडून टाकलं होतं, त्यामुळे त्यांनी बोटीवरच्या माणसाशी मनसोक्त गप्पा मारल्या.

नालासोपाऱ्याची गर्दी तुम्हाला माहीत असेल. स्टेशनपासून पश्चिमेला सोपारा गावाकडे गेलं की इमारती विरळ होतात, ताडा-माडांची झाडं दिसू लागतात आणि अचानक एका कुंपणाआड विटांचा मोठा ढिगारा समोर येतो. हाच तो स्तूप. गावातली माणसं याला पिढ्यान् पिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आली. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

१८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला. हे जुनागढचे गुजराती संशोधक. तरुणपणी मुंबईत त्यांना डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आपल्यासोबत घेतलं आणि त्यांच्याकडून देशभरातले शिलालेख उतरवून घेतले. गुजराती पंडित, त्याच्या पाठीशी उभा राहिलेला मराठी डॉक्टर! सुरतेच्या मराठी मुलांनी हे नातं लक्षात ठेवायला हरकत नाही.

ढिगाऱ्याच्या मधोमध विटांची एक कोठडी सापडली, तिच्यात दगडाची गोल पेटी. तिच्यात बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या, आणि मध्ये एकात एक बसवलेले करंडक. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे तुकडे असावेत, अशी ते ठेवणाऱ्यांची श्रद्धा होती. हे सगळं आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपून ठेवलेलं आहे.

बाबा म्हणाले, “म्हणजे सोन्याच्या डबीत खापराचे तुकडे?” आणि कितीतरी वेळ त्या विटांकडे बघत राहिले.

स्तूपाच्या सावलीत एक आजी बसल्या होत्या. जवळच राहतात, अधूनमधून येऊन मेणबत्ती लावतात. बुद्धपौर्णिमेला इथे गर्दी होते, एरवी शांतच. बाबांनी विचारलं, “इथे काय काय बघायचं?” आजी हसल्या. “बघायला काही नाही दादा. बसायला आहे.” मग आम्ही बसलो. आजी मराठवाड्यातून इथे आलेल्या, बाबा खानदेशातून सुरतेला गेलेले. दोघांनी आपापल्या गावच्या दुष्काळांची तुलना केली. मी ऐकत होतो. बाबांनी लहानपणी तापीच्या पात्रातली टरबुजं चोरली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

याच सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्टही मी तिथे सांगितली. तो बुद्धांचा शिष्य झाला आणि आपल्या प्रदेशात परत जायला निघाला. बुद्ध म्हणाले, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील. पूर्ण म्हणाला, तर मी म्हणेन की चांगली माणसं आहेत, निदान हात तरी उगारत नाहीत. हात उगारला तर? निदान काठीने तरी मारत नाहीत. असं करत करत संवाद थेट जिवापर्यंत जातो आणि पूर्णाचं उत्तर बदलत नाही. बाबा मिस्कीलपणे माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि गप्पा मारू नका म्हणाले, तर?”

आजींना संदर्भ कळला नाही, पण त्याही हसल्या.

आठवा लेख

त्या रात्री वसईला मुक्काम होता. झोपण्याआधी मी सोपाऱ्याबद्दलचं उरलेलं टिपण वाचत होतो. १८८२ सालीच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा आहे. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

आठव्या लेखात काय आहे? तो चक्क सहलींबद्दल आहे! अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघायचे, म्हणजे शिकार आणि मौजमजा. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. धर्मयात्रेत काय करायचं त्याची यादीच तो देतो. ब्राह्मण आणि श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं. वृद्धांना भेटायचं, त्यांना मदत करायची. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचं.

मी ती यादी दोनदा वाचली. चहावाला, उंबाडियुं करणाऱ्या मावशी, चिकूवाले आजोबा, जाळंवाले काका, स्तूपाजवळच्या आजी. तीन दिवस बाबा जे करत होते आणि मी हॉर्न वाजवत होतो, ते सगळं त्या दगडावर लिहिलेलं होतं.

बाबा झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. सकाळी चहा पिताना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि नेहमीसारखं “बरं आहे” म्हणाले. पण या वेळी हसून.

खाडीपलीकडचा पॅगोडा

चौथ्या दिवशी वसईहून दुसऱ्या रो-रो बोटीने भाईंदरला उतरलो आणि उत्तनच्या रस्त्याने गोराईकडे निघालो. मुंबईच्या इतक्या जवळ असा रस्ता असेल यावर विश्वास बसत नाही. कोळीवाडे, चर्च, बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील आणि मग झाडांच्या वर अचानक सोनेरी शिखर.

ग्लोबल विपश्यना पॅगोडा फेब्रुवारी २००९ मध्ये खुला झाला. यांगूनच्या श्वेडगोन पॅगोड्यावरून त्याचा आकार घेतलेला आहे. उंची जवळजवळ शंभर मीटर. आतल्या घुमटाला एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून तो उभा केला आहे आणि एका वेळी सुमारे ८,००० साधक तिथे ध्यानाला बसू शकतात. ज्यांच्या प्रेरणेने तो झाला ते सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ मध्ये ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. मारवाडी व्यापारी घराणं. तिथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ते विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. म्हणजे जहाजांतून जे सुवर्णभूमीला गेलं, ते एका व्यापाऱ्याच्याच हातून याच किनाऱ्यावर परत आलं.

मुख्य दालनात फक्त शिबिर केलेल्या साधकांना जाता येतं, इतरांना ते काचेआडून दिसतं. पण नवख्यांसाठी आनापानाचा छोटा वर्ग असतो, श्वासाकडे लक्ष द्यायचा. बाबा आणि मी शेजारी शेजारी बसलो. मला दहा मिनिटांत पाय दुखायला लागले. बाबा अजिबात हलले नाहीत. पंख्याकडे बघत बसायचे तेव्हाही ते असेच निश्चल असायचे. पण तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आज बघत राहावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी हात पुढे केला. “चावी दे.”

उत्तनपर्यंत गाडी त्यांनी चालवली. मी मागे बसलो होतो, आणि हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मला पडला नाही. त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात बोटी आणि किनाऱ्याचे रस्ते दोन्ही बेभरवशाचे. रो-रो बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. वाळूत गाडी घालू नका, भरतीला अडकते आणि मिठाने चेन खराब होते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवा. दमणमधून परत गुजरातेत येताना बाटली सोबत आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको! सोपाऱ्याला सकाळी लवकर जा, ‘बुद्ध स्तूप’ विचारलं की कोणीही दाखवेल. आमच्या गाडीच्या मीटरवर जाऊन येऊन सुमारे साडेसहाशे किलोमीटर झाले. परतताना सरळ महामार्ग धरला, कारण आईचा फोन सारखा येत होता.

आणि जमलं तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला मागे बसवून न्या. थांबे वाढतील, वेळापत्रक मोडेल, पाठ दुखेल. पण तुमच्याच घरातल्या माणसाबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या दोन-चार गोष्टी नक्की कळतील.

सुरत थानीचा बेत अजून जिवंत आहे. मित्रांचं काही खरं नाही, पण बाबांनी पासपोर्टचा अर्ज भरला आहे. मागच्या आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं, “त्या तापीच्या पात्रात टरबुजं होतात का रे?”

माहीत नाही बाबा. जाऊन बघू.